बुडापेस्ट 2023: जागतिक मैदानी स्पर्धेचे नऊ दिवस

जागतिक मैदानी स्पर्धेची तिकिटं काढताना बरेच जण संध्याकाळची सत्रं घेतात आणि सकाळची सोडून देतात. पदकं संध्याकाळी मिळतात, त्यामुळे हिशेब सरळ वाटतो. पण 19 ते 27 ऑगस्ट 2023 या काळात बुडापेस्टला गेलेल्या भारतीय प्रेक्षकाच्या वाट्याला जे आलं, त्यातलं निम्मं पात्रता फेऱ्यांत घडलं. चांगलंही आणि वाईटही.

18 ऑगस्ट, शुक्रवार: शहरात शिरताना

हंगेरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय विमाकवच लागतं, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध असावा लागतो. चलन मात्र युरो नाही, फोरिंट. दुकानात युरो घेतले तरी दर दुकानदाराचा, म्हणून कार्डच वापरावं.

विमानतळावरून 100ई क्रमांकाची बस थेट शहराच्या मध्यावर, देआक तेरला येते. या बसला वेगळं तिकीट लागतं, नेहमीचा पास चालत नाही. नवखा माणूस आठवड्याचा पास घेऊन आत चढतो आणि तपासनीस त्याला दंड करतो. कागदी सुटं तिकीट यंत्रात छापून घ्यायचं विसरलं तरी तेच. तिकीट खिशात असलं तरी छापलेलं नसेल तर ते विनातिकीटच.

मैदान शहराच्या दक्षिणेला, डॅन्यूबच्या पेश्त बाजूच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर आहे. चार आणि सहा क्रमांकाच्या ट्राम बोरारोश तेरला जातात आणि तिथून चेपेलकडे जाणारी एच7 ही उपनगरी गाडी मिळते. दोन क्रमांकाची ट्राम नदीकाठाने कोझवागोहीदपर्यंत जाते. ती जरा रमतगमत जाते, पण वाटेत संसद भवन आणि पूल दिसतात. स्पर्धेसाठी मैदानात सुमारे 35 हजार लोकांची सोय होती. वरचा मजला तात्पुरता बांधलेला, स्पर्धेनंतर काढून क्षमता 15 हजारांवर आणण्याचं आधीच ठरलेलं. ट्रॅकवर आठ नव्हे, नऊ लेन. हा तपशील लक्षात ठेवा, सहाव्या दिवशी कामाला येईल.

19 ऑगस्ट, शनिवार: वादळ, साबळे आणि दोन पडझडी

पहिलं पदक मैदानात नाही, होशोक तेरे या चौकात ठरणार होतं. पुरुषांची 20 किलोमीटर चालण्याची शर्यत सकाळी 8:50 ला सुटायची होती. विजांच्या वादळाने ती दोन तास पुढे गेली. या चौकात जायला मेट्रोची पिवळी एम1 लाइन. 1896 साली सुरू झालेली ही गाडी रस्त्याच्या जेमतेम खालून धावते, चार पायऱ्या उतरलं की फलाट. चालण्याच्या शर्यती आणि मॅरेथॉन रस्त्यावर असल्यामुळे तिकीट लागत नाही.

चालण्याच्या शर्यतीत बघायचं काय, हे माहीत नसेल तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. नियम दोन. एक पाय तरी जमिनीला टेकलेला हवा, निदान पंचाच्या नुसत्या डोळ्याला तसं दिसलं पाहिजे. आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून शरीर त्याच्यावर सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. वेगवेगळ्या तीन पंचांनी लाल कार्ड दिलं की दंडाच्या जागेत थांबावं लागतं: या स्पर्धेत 20 किलोमीटरला दोन मिनिटं, 35 किलोमीटरला साडेतीन. चौथं कार्ड म्हणजे बाद. फेऱ्या लहान असतात, त्यामुळे एकाच जागी उभं राहून तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसतो. लाल कार्डांच्या फलकाशेजारची जागा धरावी. स्पेनच्या आल्वारो मार्टिनने 1:17:32 मध्ये सुवर्ण घेतलं. स्वीडनचा पर्सियस कार्लस्ट्रॉम सात सेकंदांनी मागे, ब्राझीलचा कायो बोनफिम तिसरा.

पण चौकात आणि मैदानात एकाच वेळी हजर राहता येत नाही, आणि मैदानात त्याच सत्रात अविनाश साबळे धावणार होता. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पठ्ठा, 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8:11.20 चा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम नावावर असलेला. स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच, जड लाकडी तुळईचा. पाय अडकला तर तो पडत नाही, माणूस पडतो.

इथे नियम नीट समजून घ्यावा लागतो. पूर्वी हीटमधले, म्हणजे प्राथमिक फेरीतल्या एकेका शर्यतीतले, पहिले काही जण आणि उरलेल्यांतले वेगवान काही जण असे अंतिम फेरीत जायचे. बुडापेस्टला वेळेवरची जागाच काढून टाकली होती. तीन हीट, प्रत्येकीतले पहिले पाच, बस्स. अशा हीटमध्ये सुरुवातीला कुणी वेग लावत नाही, सगळे घोळक्याने धावतात आणि निकाल शेवटच्या फेरीवर येऊन ठेपतो. लांबून वेग धरणाऱ्याला ही मांडणी गैरसोयीची, शेवटी झेप घेणाऱ्याला सोयीची. साबळे 8:22.24 वेळेत सातवा आला आणि स्पर्धेबाहेर गेला. तीन दिवसांनी अंतिम शर्यतीत मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीने 8:03.53 मध्ये सुवर्ण घेतलं, इथिओपियाचा लामेचा गिरमा दुसरा. केनियाच्या अब्राहम किबिवोटला कांस्य मिळालं ते 8:11.98 वर, म्हणजे साबळेच्या विक्रमापेक्षा जास्त वेळ घेऊन. दोन वेगळ्या शर्यतींच्या वेळा अशा शेजारी ठेवणं फारसं शास्त्रीय नाही, तरी मराठी माणसाला ते टोचणारच.

संध्याकाळी गोळाफेकीत अमेरिकेच्या रायन क्राउझरने 23.51 मीटर फेक केली, स्वतःच्या विश्वविक्रमापेक्षा पाचच सेंटिमीटर कमी. पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्याचं निदान ताजं असताना. इटलीचा लिओनार्डो फाब्री 22.34 वर दुसरा, अमेरिकेचाच जो कोव्हाक्स तिसरा.

मग दोन पडझडी. महिलांच्या 10,000 मीटरमध्ये नेदरलँड्सची सिफान हसन अखेरच्या काही मीटरांत आघाडीसाठी झुंजताना कोसळली. इथिओपियाच्या तिघी, गुदाफ त्सेगाय, लेटेसेनबेट गिदे आणि एजगायेहू ताये, पहिल्या तीन जागा घेऊन गेल्या. त्यानंतर स्त्री-पुरुषांच्या मिश्र 4x400 रिलेत नेदरलँड्सचीच फेम्के बोल आघाडीवर असताना रेषेच्या तोंडाशी पडली आणि बॅटन हातातून सुटलं. रिलेत माणूस नाही, बॅटन पोहोचावं लागतं. ते हातात नसताना रेषा ओलांडली तर संघ बाद, आणि नेदरलँड्स बाद झालाच. अमेरिकेने 3:08.80 चा विश्वविक्रम केला, ब्रिटन आणि चेक प्रजासत्ताक पदकांत आले.

20 ऑगस्ट, रविवार: हंगेरीचा सण

हा संत इश्तवानचा दिवस, हंगेरीची राष्ट्रीय सुट्टी. रात्री डॅन्यूबवर आतषबाजी असते आणि नदीकाठी तोबा गर्दी. त्या दिवशी मैदानातून परतताना काठाच्या ट्रामचा नाद सोडावा आणि शहराच्या आतल्या बाजूने यावं. दुकानंही बरीच बंद असतात. पाणी आणि खाण्याचं सामान आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेलं बरं.

यजमानांच्या सणाला साजेसं हातोडाफेकीत घडलं. हातोडा म्हणजे 7.26 किलोचा गोळा, तारेच्या टोकाला. बेन्स हलाझने पहिल्याच फेकीत 80.82 मीटर टाकले आणि मैदान डोक्यावर घेतलं गेलं. पुढे कॅनडाच्या 21 वर्षांच्या इथन कॅट्झबर्गने 81.25 आणि पोलंडच्या वोइचेख नोवित्स्कीने 81.02 टाकून त्याला तिसऱ्या जागी ढकललं. हंगेरीचं या स्पर्धेतलं एकमेव पदक तेच.

हेप्टॅथलॉन म्हणजे महिलांची सात प्रकारांची स्पर्धा, सगळ्यांचे गुण एकत्र मोजतात; ती बघायला आकडेमोड यावी लागते. शेवटच्या 800 मीटरआधी ब्रिटनची कॅटरिना जॉन्सन-थॉम्पसन अमेरिकेच्या ॲना हॉलपेक्षा 43 गुणांनी पुढे होती. 800 मीटरमध्ये एक सेकंद म्हणजे सुमारे 15 गुण. त्यामुळे हॉलला तिला जवळपास तीन सेकंदांनी हरवायचं होतं. हॉल जिंकली, पण दीड सेकंदाने. अंतिम गुण 6740 आणि 6720. ज्यांना हा हिशेब ठाऊक होता त्यांचं लक्ष पहिल्या धावपटूकडे नव्हतंच, तिच्यामागे किती अंतर आहे तिकडे होतं.

त्याच दिवशी नोआ लाइल्सने 100 मीटर 9.83 मध्ये जिंकली. बोट्स्वानाचा लेट्सिले टेबोगो आणि ब्रिटनचा झार्नेल ह्यूज दोघेही 9.88, निवाडा हजाराव्या भागावर. महिलांच्या लांब उडीत सर्बियाची इवाना वुलेटा 7.14. उंच उडीच्या पात्रता फेरीत नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे 2.22 मीटरवर थांबला.

21 ऑगस्ट, सोमवार

थाळीफेकीसाठी या दिवशीचं तिकीट वसूल झालं. शेवटच्या फेरीत स्लोव्हेनियाच्या क्रिस्टियान चेहने 70.02 टाकून आघाडी घेतली. स्वीडनच्या डॅनियल स्टॉलची एकच फेक उरली होती, स्पर्धेतली शेवटची. त्याने 71.46 टाकली, स्पर्धाविक्रम. थाळी आणि हातोडा बघताना जाळीच्या मागे बसू नये, जाळीमुळे फेक दिसत नाही. थाळी जिथे पडते त्या टोकाच्या जरा बाजूला जागा घ्यावी.

महिलांच्या 100 मीटरमध्ये शाकॅरी रिचर्डसन उपांत्य फेरीत तिसरी आली होती. वेळेच्या जोरावर अंतिम फेरीत शिरली आणि तिला कडेची नववी लेन मिळाली. 10.65, स्पर्धाविक्रम. शेरिका जॅक्सन 10.72, शेली-ॲन फ्रेझर-प्राइस 10.77. कडेच्या लेनमध्ये प्रतिस्पर्धी लांब असतात, अंदाज येत नाही असं म्हणतात; इथे तरी त्याने काही बिघडलं नाही. तिहेरी उडीत बुर्किना फासोचा ह्यूग फाब्रिस झांगो 17.64, तर 110 मीटर अडथळ्यांत ग्रँट हॉलोवे 12.96.

22 आणि 23 ऑगस्ट: उन्हाचे दिवस

पारा 33-35 अंशांवर गेला होता. महिलांच्या 5000 मीटरच्या हीट बुधवारी सकाळऐवजी संध्याकाळी घेतल्या गेल्या, तेही याच कारणाने. अशा वेळी वेळापत्रक छापून खिशात ठेवण्यात अर्थ नाही, रोज सकाळी नव्याने बघावं. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटली भरून घ्यावी.

शाकाहारी माणसाने 'फोझेलेक' हा पदार्थ लक्षात ठेवावा: पालक, बटाटा किंवा भोपळ्याचा घट्ट रस्सा. त्यावर मांसाचा तुकडा ठेवून देतात, तो नको म्हणून आधीच सांगायचं. रस्त्यावरचा लांगोश म्हणजे तळलेली पिठाची मोठी पोळी, वर लसूण, आंबट साय आणि चीज. एक खाल्ला की रात्रीचं सत्र निघतं.

मंगळवारी उंच उडीत इटलीचा जियानमार्को ताम्बेरी आणि अमेरिकेचा जुवॉन हॅरिसन दोघेही 2.36 मीटर गेले. सुवर्ण ताम्बेरीला, कारण त्याने ती उंची पहिल्याच प्रयत्नात पार केली होती. कतारचा मुताझ बार्शिम 2.33. बुधवारी महिलांच्या पोल व्हॉल्टमध्ये मात्र अमेरिकेची केटी मून आणि ऑस्ट्रेलियाची नीना केनेडी 4.90 वर तंतोतंत बरोबरीत राहिल्या, 4.95 दोघींनाही जमलं नाही. अशा वेळी नियम पर्याय देतो: पुन्हा उड्या मारा किंवा सुवर्ण वाटून घ्या. त्यांनी वाटून घेतलं. म्हणून उंच उडी आणि पोल व्हॉल्ट बघताना फलकावरच्या फुल्या, म्हणजे हुकलेले प्रयत्न, मोजत बसावं. खालच्या उंचीवरची एक फुलीसुद्धा दोन तासांनी पदकाचा रंग बदलू शकते.

महिलांच्या थाळीफेकीत अमेरिकेच्या लाउलाउगा ताउसागाने पाचव्या फेकीत 69.49 टाकून स्वतःची सर्वोत्तम कामगिरी चार मीटरने मागे टाकली आणि व्हॅलेरी ऑलमनचं सुवर्ण हिरावलं. फेथ किप्येगॉनने 1500 मीटर 3:54.87 मध्ये जिंकली. पुरुषांच्या 1500 मध्ये ब्रिटनच्या जॉश करने याकोब इंगब्रिग्टसनला 27 शतांश सेकंदांनी हरवलं.

24 ऑगस्ट, गुरुवार: नववी लेन

सकाळी 35 किलोमीटर चालण्यात पुन्हा मार्टिन आणि मारिया पेरेझ. 20 किलोमीटरची सुवर्णंही याच दोघांची. स्पेनची चारही सुवर्णपदकं फक्त चालण्यातली. होशोक तेरेच्या मागेच सेचेनी स्नानगृह आहे, गरम झऱ्यांचं. पहाटेपासून उभं राहून दुखणाऱ्या पायांना ते मानवतं.

संध्याकाळी 200 मीटरच्या उपांत्य फेरीआधी खेळाडूंना सरावाच्या जागेवरून मैदानात आणणाऱ्या दोन छोट्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. जमैकाच्या अँड्र्यू हडसनच्या डोळ्यात काचेचे कण गेले. त्याची शर्यत पुढे ढकलली, तो धावला आणि पाचवा आला. पंचांनी त्याला तरीही अंतिम फेरीत घेतलं. आठ लेन असत्या तर कुणाला तरी वगळावं लागलं असतं. नवव्या लेनमुळे तो प्रश्नच आला नाही.

भारताचा जेस्विन ऑल्ड्रिन लांब उडीच्या अंतिम फेरीत होता, 7.77 मीटरसह अकरावा. ग्रीसच्या मिल्टियाडिस टेंटोग्लूने 8.52 मीटरने जमैकाच्या वेन पिनॉकला दोन सेंटिमीटरने मागे टाकलं.

25 ऑगस्ट, शुक्रवार: एक फेक

ज्यांनी सकाळचं सत्र सोडलं, त्यांनी हे गमावलं. भालाफेकीची पात्रता फेरी, गट अ, सकाळी 10:10. थेट पात्रतेसाठी 83 मीटर हवे होते. प्रत्येकाला तीन संधी असतात, पण मर्यादा ओलांडली की पुढच्या फेकी करायच्या नाहीत. नीरज चोप्राने पहिलीच फेक 88.77 टाकली, सामान आवरलं आणि गेला. ही त्याची त्या मोसमातली सर्वोत्तम फेक, आणि 85.50 ही पॅरिस ऑलिंपिकची मर्यादाही त्यातच पार झाली. उशिरा आलेल्यांना नीरज दिसलाच नाही.

पहिल्या फेकीत काम उरकण्यामागे साधं गणित आहे. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा. तो सोडताना कोपर, खांदा, कंबर आणि पुढे रोवलेल्या पायावर जो झटका येतो, तो जितका कमी वेळा घ्यावा तितकं अंतिम फेरीसाठी बरं. डी. पी. मनू 81.31 आणि किशोर जेना 80.55 टाकून पहिल्या बारांत बसले. अंतिम फेरीत तीन भारतीय.

रात्री महिलांच्या भालाफेकीत जपानच्या हारुका कितागुचीने शेवटच्या फेकीत 66.73 टाकून सुवर्ण घेतलं. तिहेरी उडीत युलिमार रोहासनेही शेवटच्या उडीत 15.08 मारली. शेवटची फेरी सुरू झाली की स्टेशन गाठायच्या घाईने उठणारे लोक प्रत्येक स्पर्धेत असतात. त्या रात्री त्यांची दोन सुवर्णं हुकली.

26 ऑगस्ट, शनिवार: 2:59.05

सकाळी सातला महिलांची मॅरेथॉन, इथिओपियाची अमाने बेरिसो 2:24:23. रात्री पुरुषांच्या पोल व्हॉल्टमध्ये स्वीडनच्या मोंडो डुप्लांटिसने 6.10 मीटरवर सुवर्ण घेतलं, फिलिपीन्सचा ई. जे. ओबिएना 6.00 सह दुसरा. डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे पुरुषांच्या दहा प्रकारांच्या स्पर्धेत, कॅनडाचे पियर्स लपाज आणि डेमियन वॉर्नर पहिले दोन.

भारतीयांसाठी मात्र दिवस पुरुषांच्या 4x400 रिलेच्या हीटचा. मोहम्मद अनस, अमोज जेकब, मोहम्मद अजमल, राजेश रमेश. या रिलेत पहिली फेरी पूर्ण आणि दुसरीचं पहिलं वळण स्वतःच्या लेनमध्ये धावायचं असतं, त्यानंतर सगळे आत येतात. बॅटनसाठी उभे असलेले खेळाडू कोणत्या क्रमाने उभे राहणार, हे येणारे धावपटू 200 मीटरवर कोणत्या क्रमाने होते त्यावरून पंच ठरवतात. पुढे क्रम बदलला तरी जागा बदलायची नाही. म्हणून बदलीच्या पट्ट्यात धक्काबुक्की होते, आणि दुसऱ्या फेरीच्या मध्यावर कोण कुठे आहे याला फार किंमत येते. भारतीय संघाने त्याच टप्प्यावर पुढची जागा पकडली. अखेर अमेरिका 2:58.47, भारत 2:59.05. जपानचा 2:59.51 चा आशियाई विक्रम मोडला.

27 ऑगस्ट, रविवार

पुरुषांची मॅरेथॉन युगांडाच्या व्हिक्टर किप्लांगाटची, 2:08:53. शहरातून फेऱ्या मारणाऱ्या या मार्गात चेन ब्रिज होता. त्याच्या टोकाला उभं राहिलं की धावपटू पुन्हा पुन्हा भेटतात.

भालाफेकीची अंतिम फेरी भारतात मध्यरात्रीच्या सुमारास दिसली. बुडापेस्ट तेव्हा साडेतीन तास मागे. नीरजची पहिली फेक फाउल. फेक कमी पडली की खेळाडू मुद्दाम कमानीच्या रेषेपलीकडे पाऊल टाकतो, म्हणजे ती मोजली जात नाही. दुसऱ्या फेकीत 88.17, आणि मग कुणी तिथवर पोहोचलं नाही. तेव्हाच्या नियमाने तिसऱ्या फेकीनंतर पहिले आठ उरत आणि आघाडीवरचा सर्वांत शेवटी फेकत असे. त्यामुळे नीरज अखेरच्या फेकीला आला तेव्हा निकाल लागलेला होता. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने 87.82 टाकली, पाकिस्तानचं या स्पर्धेतलं पहिलं पदक. चेक प्रजासत्ताकाचा याकुब वाडलेय 86.67. जेना 84.77 सह पाचवा, मनू 84.14 सह सहावा. जागतिक मैदानी स्पर्धेत भारताला सुवर्ण यापूर्वी मिळालं नव्हतं. अंजू बॉबी जॉर्जचं 2003 सालचं कांस्य आणि नीरजचंच 2022 सालचं रौप्य, एवढीच आधीची पुंजी.

भाल्याकडे डोळे लावून बसलेल्यांच्या नजरेतून पारुल चौधरी सुटली असेल. महिलांच्या स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत ती अकरावी आली, 9:15.31 वेळेत: राष्ट्रीय विक्रम आणि ऑलिंपिक मर्यादाही पार. सुवर्ण बहारीनच्या विन्फ्रेड यावीचं, 8:54.29.

रिलेत भारत 2:59.92 सह पाचवा. अमेरिका 2:57.31, मग फ्रान्स, ब्रिटन आणि जमैका. हीटची वेळ अंतिम फेरीत आली असती तर चौथी जागा मिळाली असती. कांस्य तरीही दूरच होतं, ब्रिटन 2:58.71 धावलं.

शेवटची शर्यत महिलांची 4x400. अमेरिका हीटमध्येच बाद झाली होती, बॅटनच्या बदलीत. बोलने शेवटच्या टप्प्यात बॅटन घेतलं तेव्हा जमैका आणि ब्रिटन पुढे होते. अखेरच्या सरळ पट्ट्यात तिने दोघींना गाठलं: नेदरलँड्स 3:20.72, जमैका 3:20.88, ब्रिटन 3:21.04. पदकतक्त्यात अमेरिका 12 सुवर्णांसह 29 पदकांवर, भारत एका सुवर्णावर. बाहेर पडताना एच7 च्या फलाटावर रांग लांब असते. कोझवागोहीदपर्यंत चालत जाऊन ट्राम पकडली तर लवकर सुटका होते.